सा, सा, प, सा

लेक्सिंग्टन, केंटकी

तीर्थरूप आजोबांस साष्टांग नमस्कार.

शनिवारी इथे एका नाचाला गेलो होतो. चार-चार जोड्यांचे चौकोन करून नाचतात, एक जण पुढचा फेर ओरडून सांगतो आणि साथीला फिडल. फिडल म्हणजे व्हायोलिनच. पण इथले काही जुने वादक ते छातीला टेकवून वाजवतात.

मध्येच वादकाने थांबून दोन तारांचा सूर उतरवला, सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत बारीक. मग चारही तारांवरून गज फिरवला. आजोबा, अंगावर काटा आला. सा, सा, प, सा! पांढरी दोनमध्ये लावलेला तुमचा तंबोराच जणू, फक्त तारांचा क्रम वेगळा. सुरावट वरच्या तारांवर धावत होती आणि खाली षड्ज अखंड घुमत होता.

धुनेचं नाव 'बोनापार्ट्स रिट्रीट', म्हणजे नेपोलियनची माघार. बरेच वादक ती संथ वाजवतात, थकलेलं सैन्य परत चालल्यासारखी. पण इथून पूर्वेला डोंगरात सॅलियर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे 1937 साली लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी (लायब्ररी ऑफ काँग्रेस) ध्वनिमुद्रण करत आले. विल्यम स्टेप या वादकाने त्यांना हीच धून ऐकवली, पण चांगली दौडत, नाचाच्या लयीत. माघारीची चढाईच करून टाकली म्हणा ना!

रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतकार बाईंनी ती तबकडी ऐकून स्वरलेखन केलं आणि ते 1941 मध्ये छापून आलं. त्यावरून संगीतकार एरन कोपलंड यांनी 1942 च्या 'रोडिओ' या बॅलेत ती जवळजवळ जशीच्या तशी घेतली. आज ती मोठमोठे वाद्यवृंद वाजवतात. अमेरिकेत कुणालाही गुणगुणून दाखवा, ओळखतील. स्टेप यांचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक. याचं मला वाईट वाटतं. ती लय, ते गजाचे झटके त्यांचेच होते.

तबकडी ऐकली. खरखर आहे, पण त्या पलीकडे हात काय सुटलाय! आत्याच्या फोनवर पाठवतोय. घाईत ऐकू नका, आधी तंबोरा शेजारी घ्या. आणि खालच्या षड्जाबद्दल तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

आजीला नमस्कार.

तुमचा नातू