बर्गंडीच्या वाइन सहलीत आठांहून अधिक पाहुणे नकोत

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत फ्रान्समधील वाइन सहलींवर आलेला लेख वाचला. पॅरिसहून सकाळी सुटणाऱ्या मोठ्या बसने बर्गंडीला जावे, दिवसभरात चार-पाच ठिकाणी वाइन चाखावी आणि रात्री मुक्कामाला पुन्हा पॅरिस गाठावे, असा सल्ला त्यात वाचकांना दिला आहे. मी गेली काही वर्षे बर्गंडीतील बोन या गावी राहून लहान गटांना तिथल्या द्राक्षबागांतून आणि तळघरांतून हिंडवण्याचे काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी पाहुणे पुष्कळ असतात. हा सल्ला मानला तर त्यांचा पैसाही जाईल आणि दिवसही, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दिजों शहरापासून दक्षिणेकडे सुमारे ६० किलोमीटर लांबीची, बहुतांशी पूर्वेकडे तोंड असलेली एक टेकडीची उतरण आहे. बर्गंडीच्या सर्वांत नावाजलेल्या वाइन या चिंचोळ्या पट्ट्यातून येतात. लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने, अशा मुख्यतः दोनच जातींची द्राक्षे येथे लावली जातात. तरीही एका बांधापलीकडची वाइन अलीकडच्या वाइनहून वेगळी लागते, कारण चुनखडीचा थर, मातीची खोली, उताराचा कोन आणि पाण्याचा निचरा हे सगळे काही पावलांवर बदलते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. अशा १,२४७ तुकड्यांना स्वतंत्र नावे आणि ठरलेल्या सीमा आहेत. येथे त्यांना ‘क्लिमा’ म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ही विभागणी एका रात्रीत झालेली नाही. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनी आणि त्यांच्यानंतरच्या शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी जमीन कसता कसता ती ठरवली आहे.

हे बसच्या काचेतून दिसत नाही. प्युलिन्यी गावाच्या वर मोंराशे नावाचा सुमारे ८ हेक्टरांचा मळा आहे. त्याच्या कडेची दगडी भिंत आणि एक अरुंद रस्ता ओलांडला की बातार-मोंराशे लागतो आणि आणखी थोडे खाली उतरले की गावाच्या साध्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनचे मळे सुरू होतात. मी पाहुण्यांना पहिला पेला देण्याआधी हा उतार पायी उतरायला लावतो. वरची माती बुटाखाली खडखडते, खालची बुटाला चिकटते. एवढे पायांना कळले की पुढे तळघरात दोन पेल्यांतील फरक मला समजावून सांगावा लागत नाही.

आता गटाच्या संख्येचा प्रश्न. याकडे पाहुण्यांची सोय एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते, पण खरे कारण पिंपात आहे. बर्गंडीचे ओकचे पिंप २२८ लिटरचे असते, म्हणजे सुमारे ३०० बाटल्यांचे. लाकडातून वाइन हळूहळू उडून जाते, आत मोकळी जागा झाली तर हवेने ती बिघडते, म्हणून मालकाला ती तूट वरचेवर भरून काढावी लागते. पाहुण्यांना चव देण्यासाठी तो काचेच्या लांब नळीने पिंपातून वाइन ओढतो, तेव्हा तीही तूटच असते. आठ जणांना ३० मिलिलिटरप्रमाणे दिले तर पाव लिटरदेखील जात नाही. चाळीस जणांना दिले तर सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे दीड बाटलीहून अधिक वाइन एका पिंपातून जाते. एखाद्या क्लिमातून ज्याला वर्षाला दोनच पिंपे मिळतात, त्याने बसभर पाहुण्यांसाठी ते पिंप का उघडावे? तो उघडत नाही. मग अशा बसगाड्या केवळ विक्रीसाठी बांधलेल्या मोठ्या दालनांत थांबतात, तेथे ओळीने मांडलेले पेले समोर येतात आणि पाहुण्यांना आपण बर्गंडी चाखली असे वाटते.

एक अनुभव सांगतो. एका सहल कंपनीने आठ पाहुण्यांचे आरक्षण केले आणि प्रत्यक्षात एकोणीस जण पाठवले. ज्या शेतकऱ्याने आपले काम थांबवून आम्हाला दुपारचा एक तास दिला होता, त्याचे तळघर इतके लहान की दोन रांगांतील पिंपांमधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. निम्मे पाहुणे जिन्यावर ताटकळले, एकाचा धक्का लागून नळी फुटली आणि उरलेल्यांना अंगणातच बाटलीतली वाइन देऊन वाटेला लावावे लागले. शेतकरी मला काही बोलला नाही, मात्र त्यानंतर दोन वर्षे त्याने मला वेळ दिली नाही. एकोणीस जणांना पाहून मी तेथेच नकार द्यायला हवा होता, ही चूक माझीच होती. तेव्हापासून मी कोणाच्याही भरवशावर गट घेत नाही.

याउलट एक दिवस मला कायम आठवतो. सहा जणांच्या गटात एक वयस्कर द्राक्षबागायतदार काका होते, त्यांना दारू वर्ज्य होती आणि केवळ मुलाच्या आग्रहाखातर ते आले होते. डोक्यावर मांडव असलेली बाग पाहिलेल्या त्या माणसाला कमरेएवढे बुटके, एकमेकांपासून जेमतेम मीटरभर अंतरावर लावलेले वेल पाहून नवल वाटले. हेक्टरी सुमारे दहा हजार वेल आणि ठिबकचे पाणी नाही, हे ऐकून तर ते मातीतच बसले. त्यांनी वेलाच्या बुंध्यावरची गाठ बोटाने चाचपली आणि विचारले, “खुंट कोणता?” मी भाषांतर केले आणि शेतकऱ्याचा चेहरा उजळला. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलाचे कलम करून त्या वाचवल्या गेल्या. ती गाठ त्याचीच. पुढचा तासभर दोघे छाटणीची कात्री, डोळे आणि काडीची जाडी यांवर बोलत राहिले. काकांनी वाइनचा थेंबही घेतला नाही, फक्त पेल्याचा वास घेतला आणि तो ओल्या मातीचा आहे असे सांगितले. हे संभाषण चाळीस जणांत झाले नसते.

दिवसाला दोन तळघरे पुरेत, असा माझा आग्रह असतो. प्रत्येक ठिकाणी सहा-सात वाइन समोर येतात आणि जीभ लवकर थकते. चव घेऊन वाइन भांड्यात थुंकण्यात काही असभ्य नाही, येथील जाणकार तेच करतात, हे आपल्या पाहुण्यांना आधीच मोकळेपणाने सांगितलेले बरे, कारण यजमानाचा अपमान होईल या संकोचाने पुष्कळ जण सगळे गिळतात आणि दुपारनंतर त्यांना काहीच कळेनासे होते. अनेक तळघरांत लाल वाइन आधी आणि पांढरी नंतर देतात, त्याचेही आश्चर्य वाटू देऊ नये. भाड्याची मोटार स्वतः चालवत फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. आठ पाहुण्यांच्या आकड्यालाही कायद्याचा आधार आहे: तेथील मोटारीच्या साध्या परवान्यावर चालकासह नऊ आसनांपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी त्याखेरीज व्यावसायिक परवाना लागतो. तो सहल नेणाऱ्याकडे आहे का, हे विचारायला संकोचू नये.

लहान गट महाग पडतो, हे मी नाकारत नाही. एका गाडीचा आणि एका माणसाच्या दिवसाचा खर्च चाळिसांऐवजी आठांत वाटला जातो. परंतु पॅरिसहून रेल्वेने दिजोंमार्गे बोनला यावे, एक रात्र राहावे आणि एकच दिवस नीट पाहावा, यात बसच्या दोन सहलींपेक्षा अधिक हाती लागते. १४४३ मध्ये निकोला रोलँ यांनी गरीब रुग्णांसाठी स्थापन केलेले बोनचे जुने रुग्णालय, रंगीत कौलांचे छप्पर असलेले, सकाळी सावकाश पाहता येते. त्याच्या मालकीच्या मळ्यांतील वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे. तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो, त्या आठवड्यात गावात खोली मिळणे कठीण.

लेखात सप्टेंबरअखेर तोडणी पाहायला जा, असेही म्हटले आहे. बोनच्या तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून उपलब्ध आहे आणि १९८८ नंतर तोडणी पूर्वीच्या मानाने सरासरी १३ दिवस अलीकडे सरकली आहे; सप्टेंबरअखेर आलेल्यांना बहुधा रिकामे वेल दिसतील. शिवाय तोडणीच्या दिवसांत शेतकऱ्याला पाहुण्यांसाठी वेळच नसतो. मे-जून किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध हे दिवस मला अधिक योग्य वाटतात.

आपल्याला एक विनंती आहे. वाइन सहलींची माहिती यापुढे छापताना प्रत्येक सहलीपुढे गटात जास्तीत जास्त किती माणसे आणि दिवसाला किती तळघरे, हे दोन आकडे आयोजकांकडून लेखी मागवून द्यावेत.

आपला,
बोन (फ्रान्स) येथील एक वाचक