रिझर्व्हच्या आतलं गाव पण छापा कधीतरी

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत आफ्रिकन सफारीवर जे काही येतं ते मी आवडीने वाचतो, फोटो पण मस्त असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून लिहायला बसलो. या सगळ्या लेखांमध्ये जंगल कायम रिकामं असतं. माणूस दिसलाच तर तो गाईड, नाहीतर ड्रायव्हर, नाहीतर रात्री पाहुण्यांसमोर नाचून दाखवणारा. त्या जंगलाच्या आत कुणाचं घर असेल, कुणाचे आजी-आजोबा तिथेच पुरलेले असतील, हे लिहिणाऱ्याच्या मनातच येत नाही असं दिसतं. त्यातही बोट्स्वानाच्या सेंट्रल कलाहारी गेम रिझर्व्हबद्दल लिहिताना "जिथे माणसाचा मागमूस नाही" टाइपचं वाक्य वाचलं की मला राहवत नाही, कारण तिथे माणसं आहेत, गावं आहेत, आणि त्या गावांनी आपल्याच सरकारला कोर्टात दोनदा हरवलंय.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं गॅबोरोनीला, म्हणजे बोट्स्वानाच्या राजधानीत, होतो, त्यामुळे हा विषय तिकडच्या पेपरांत आणि ऑफिसातल्या गप्पांत कायम कानावर पडायचा. माझे त्स्वाना, म्हणजे तिथल्या बहुसंख्य समाजातले, सहकारी एकदम सज्जन लोक, पण कलाहारीतल्या मूळच्या शिकारी सान लोकांचा विषय निघाला की त्यांचा सूर बदलायचा, "त्यांना शाळा नको का, दवाखाना नको का, किती दिवस प्राण्यांसारखं राहणार" असा. हा प्रश्न वाईट हेतूने विचारला जात नव्हता हे मी मान्य करतो. पण तो विचारताना मधलं बरंच काही गाळलं जायचं.

तर मुळापासून सांगतो. हे रिझर्व्ह 1961 साली झालं, तेव्हा बोट्स्वाना नव्हतं, बेचुआनालँड नावाचा ब्रिटिश मुलूख होता. क्षेत्रफळ जवळपास 52,800 चौरस किलोमीटर, म्हणजे एका टोकाकडून दुसरीकडे जायला चांगल्या फोर बाय फोरने पण दिवस जातो आणि वाळूत रुतलात तर किती दिवस ते सांगता येत नाही. ते राखीव करताना जनावरांबरोबरच तिथल्या ग्वी आणि गाना या सान लोकांना त्यांच्या पद्धतीने, शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगता यावं हा पण उद्देश होता. म्हणजे माणसं नंतर घुसली असं नाहीच, माणसं धरूनच ते रिझर्व्ह आखलं होतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कुठे छापून येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर तिथे बारमाही नदी नाही, तळं नाही. जुन्या नद्यांची कोरडी खोरी आहेत ज्यात हजारो वर्षांत पाणी वाहिलेलं नाही, पाऊस पडला तर खोलगट पॅनमध्ये काही आठवडे साठतं आणि संपतं. मग बाकीचं वर्ष माणसं कशी जगायची तर त्सामा नावाची जंगली कलिंगडं, पाणीदार कंद, आणि पावसाळ्यात शहामृगाच्या अंड्यात भरून ठेवलेलं पाणी यावर. बाणाला विष लावायचं ते एका भुंग्याच्या अळीपासून काढलेलं. हे सगळं रोमँटिक वाटतं पण काळ बदलत गेला, कादे नावाच्या वस्तीवर बोअर झालं, मग तिथे शाळा आली, दवाखाना आला, लोक आजूबाजूला राहायला लागले, शेळ्या पाळायला लागले, घोड्यावरून शिकार करायला लागले. इथेच सरकारच्या डोक्यात आलं की आता हे लोक "पूर्वीचे" राहिले नाहीत, म्हणजे यांचा रिझर्व्हमध्ये राहायचा हक्क पण राहिला नाही. आता हा कुठला न्याय? शहरातला माणूस बैलगाडी सोडून कार घेतो तेव्हा त्याचं घर कुणी काढून घेत नाही.

1997 साली कादेचे हजाराहून जास्त लोक रिझर्व्हच्या बाहेर नेऊन वसवले, त्या नव्या जागेचं नाव न्यू कादे. दुसरी वस्ती दक्षिणेला, कौद्वाने. पण आत अजून मोलापो, मेत्सियामानोंग, मोथोमेलो, गुगामा अशा वस्त्या होत्याच आणि तिथले लोक हलायला तयार नव्हते. मग 2002 च्या सुरुवातीला सरकारने टँकरचं पाणी बंद केलं, रेशन बंद केलं, फिरता दवाखाना बंद केला, टाक्यांतलं साठवलेलं पाणी ओतून दिलं आणि मोथोमेलोच्या बोअरचं इंजिन काढून नेलं. वाळवंटात! कारण काय सांगितलं तर सेवा द्यायला खर्च फार येतो आणि वन्यजीवांना त्रास होतो. लोकांचं म्हणणं होतं की गोपे इथे हिरे सापडलेत म्हणून हे चाललंय. सरकारने हिऱ्यांचा संबंध कायम नाकारला. मी त्यात पडत नाही, फक्त एवढंच सांगतो की त्या गोपेच्या जागी 2014 साली रिझर्व्हच्या आत हिऱ्यांची खाण सुरू झाली, नंतर भाव पडले म्हणून 2017 ला बंद ठेवली गेली. म्हणजे खाण चालते, माणूस चालत नाही.

वन्यजीवांचं म्हणाल तर तेही बघा जरा. रिझर्व्हच्या उत्तर सीमेवर 1958 पासून कुके फेन्स नावाचं कुंपण आहे, गुरांचा लाळ-खुरकूत रोग पसरू नये म्हणून घातलेलं, कारण बोट्स्वानाचं बीफ युरोपला जातं आणि तिथे रोगमुक्त पाहिजे. दुष्काळात विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप उत्तरेकडे पाण्याच्या दिशेने जायचे ते या कुंपणाला येऊन अडकले आणि ऐंशीच्या दशकात हजारोंनी तहानेने मेले. बाणाने शिकार करणाऱ्या माणसाने सगळ्या आयुष्यात जेवढी जनावरं मारली नसतील त्याच्या कितीतरी पट एका तारेच्या कुंपणाने मारली. यावर कुठल्या सफारी लेखात ओळ वाचलीय का? मी नाही वाचली.

असो. लोकांनी 2002 मध्येच केस टाकली. अडीचशेच्या आसपास अर्जदार, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, रॉय सेसाना हे त्यांचे पुढारी. बोट्स्वानाच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली केस म्हणतात हिला. 13 डिसेंबर 2006 ला हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला, त्यात युनिटी डाऊ होत्या, देशाच्या पहिल्या महिला हायकोर्ट जज्ज. दोन विरुद्ध एक मताने कोर्ट म्हणालं की या लोकांना बेकायदेशीरपणे बाहेर काढलं, त्यांना शिकारीचं लायसन नाकारणं पण बेकायदेशीर. पण त्याच निकालात, परत दोन विरुद्ध एक, की पाणी आणि बाकी सेवा बंद करणं हे मात्र बेकायदेशीर नाही आणि त्या परत चालू करायला सरकार बांधील नाही. म्हणजे जा बाबांनो घरी, पण प्यायचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

मग पाण्यासाठी वेगळी केस. लोक म्हणत होते आम्हाला सरकारचा पैसा नको, आमच्याच खर्चाने मोथोमेलोचं बोअर चालू करू द्या. 2010 मध्ये हायकोर्टाने ते पण फेटाळलं. आणि या सगळ्या काळात रिझर्व्हमध्ये पर्यटकांसाठी लक्झरी कॅम्प उघडला होता, ज्यात स्विमिंग पूल होता. शेवटी 27 जानेवारी 2011 ला अपील कोर्टाने सरकारला झापलं, माणसांना स्वतःच्या जमिनीवर पाणी काढू न देणं ही घटनेने मनाई केलेली अपमानास्पद वागणूक आहे असं स्पष्ट सांगितलं आणि त्याच वर्षी बोअर परत सुरू झालं. हा निकाल जगभर गाजला, मराठीत दोन ओळी सुद्धा माझ्या वाचनात नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय तो खरा मुद्दा. 2006 चा निकाल लागल्या लागल्या सरकारने जाहीर केलं की हा निकाल फक्त केसच्या लिस्टमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांच्यापुरता. बाकी कुणाला आत जायचं असेल तर परमिट काढा, तेही ठराविक दिवसांचं, थोडक्यात पाहुणा म्हणून. नीट विचार करा याचा अर्थ काय होतो. आईचं नाव लिस्टमध्ये आहे म्हणून ती मेत्सियामानोंगला राहू शकते, तिचा मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला आईला भेटायला परमिट लागणार, मुदत संपून आत सापडला तर अटक. लिस्टमधली माणसं म्हातारी होत जाणार, एक एक करून जाणार, नवीन कुणी येऊ शकत नाही. गाव उठवायची गरजच नाही, नुसतं थांबायचं. ट्रक आणून घरं मोडली तर फोटो निघतात, बातमी होते, पण या पद्धतीत बातमी करण्यासारखं काही घडतच नाही. 2013 ला परमिटच्या अटीविरुद्ध लोक परत कोर्टात गेले तर त्यांच्या ब्रिटिश वकिलाला देशात यायलाच अडवलं आणि केस तांत्रिक कारणावर गेली. 2014 पासून देशभर शिकारबंदी झाली, त्यात यांची पोटापुरती शिकार पण गेली, मात्र खासगी फार्मवर पैसे देऊन शिकार चालू होती. ती बंदी 2019 मध्ये उठली.

आणि सगळ्यात कडेलोट म्हणजे मेलेल्या माणसालाही परवानगी नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये एक सान वृद्ध वारले, त्यांना रिझर्व्हमध्ये आपल्या पूर्वजांच्या जागी पुरायचं होतं. सरकार नाही म्हणालं. मुलं हायकोर्टात हरली, अपील कोर्टात पण हरली, बाहेर कुठेतरी दफन करा असा आदेश झाला. त्यांनी केलं नाही. प्रेत जवळजवळ तीन वर्षं शवागारात. मग 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सरकार बदललं, स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष पडला, ड्युमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले, हे तेच बोको जे वकील असताना या लोकांच्या बाजूने उभे होते, आणि डिसेंबरमध्ये दफन एकदाचं झालं. चांगलंच झालं, पण एका घराला एका दफनासाठी मिळालेली परवानगी ही राष्ट्राध्यक्षांची मर्जी झाली, ती लिस्टच्या बाहेरच्या पोरांना हक्क देत नाही.

काही वाचक म्हणतील की माणसं आत ठेवली तर जंगल संपेल. त्यांच्यासाठी शेजारच्या नामिबियाचं उदाहरण देतो. तिथे बवाबवाटा नॅशनल पार्क आहे, 2007 ला जाहीर झालं, आत हजारो लोक राहतात, बरेचसे ख्वे म्हणजे सानच. हायवेलगत गावं आहेत, काही भाग फक्त प्राण्यांसाठी सोडलाय, काही भाग दोघांचा, आणि लोकांची स्वतःची संघटना आहे जी शिकारीच्या आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा घेते, औषधी मुळं काढून विकते. हत्ती शेत तुडवतात, तक्रारी पुष्कळ आहेत, स्वर्ग वगैरे नाही. पण पार्क पण आहे, हत्ती पण आहेत, माणसं पण आहेत आणि मुलाला आईकडे जायला परमिट लागत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी कलाहारी सफारीवर लेख आला की त्याच पानावर एक छोटा चौकोन या गावांना द्या. पर्यटकांना तुम्ही सांगताच की आत पाणी मिळत नाही, पूर्ण मुक्कामाचं पाणी आणि डिझेल बरोबर न्या. त्याखालीच लिहा की आत राहणाऱ्यांना ते का मिळत नव्हतं. आणि बोट्स्वाना सरकारने लिस्टचा नियम बदलला की नाही यावर तुमच्या परदेश बातम्यांच्या डेस्कने जरा लक्ष ठेवावं. क्रिकेटच्या पानातून अर्धा कॉलम कमी झाला तरी कुणी पेपर बंद करणार नाही, मी तर नाहीच.

आपला,
एक जुना वाचक