ताडदेवच्या मॉलची पंचवीस वर्षे

महोदय,

हाजी अलीजवळच्या ‘सोबो सेंट्रल’ मॉलची मालकी थकीत कर्जाच्या तडजोडीतून २०२४ मध्ये ४७६ कोटी रुपयांना के. रहेजा समूहाकडे गेली. पूर्वीचा हा ‘क्रॉसरोड्स’ १९९९ मध्ये पिरामल समूहाने उघडला, तेव्हा तो देशातील अगदी पहिल्या मॉलपैकी एक होता. दिल्लीतील अन्सल प्लाझाही त्याच सुमाराचा. सरकत्या जिन्यावर पहिल्यांदाच पाऊल टाकताना साडीचा काठ सावरणाऱ्या बायका आणि त्याच जिन्यावरून विनाकारण पाच-सहा वेळा वर-खाली करणारी पोरे तिथे हमखास दिसत.

ही गर्दी खरेदी करत नाही, म्हणून सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून ६० रुपये प्रवेशमूल्य घेतले जाई. टीका झाल्यावर ती अट गेली. पण ताडदेव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रलच्या चाळींतून चालत येऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातच अडवण्याची ही बुद्धी मला तेव्हाही धंद्याची वाटली नव्हती. आज फिरायला आलेला माणूसच उद्या पिशवी घेऊन येतो, हे भुलेश्वरच्या कुठल्याही दुकानदाराला ठाऊक असते.

पुढे लोअर परळला फिनिक्स मिलच्या विस्तीर्ण आवारात दुकाने, बहुपडदा चित्रपटगृहे, उपाहारगृहे आणि वाहनतळ एकाच ठिकाणी मिळू लागले आणि ताडदेवची ही आटोपशीर इमारत मागे पडली. फ्यूचर समूहाने ती घेऊन नाव व रूप बदलले, परंतु जागा वाढवणे कोणाच्याच हाती नव्हते. नंतर ऑनलाइन खरेदी आली, टाळेबंदी आली, मालक समूहच कर्जात बुडाला. अखेरच्या काळात आत बंद गाळ्यांचीच संख्या अधिक होती. सगळा दोष ऑनलाइन खरेदीवर ढकलणे सोयीचे असले तरी पुरते खरे नाही, कारण जवळच्याच हिरा पन्नामधील घड्याळे, अत्तरे आणि मोबाइलचे चिमुकले गाळे याच काळात तगून राहिले. तिथे घासाघीस करता येते आणि आत शिरायला कोणी हटकत नाही.

आता या भूखंडावर पुढेमागे जे काही उभे राहील, ते केवळ सागरी किनारा मार्गावरून मोटारीने उतरणाऱ्यांसाठी असू नये, एवढीच विनंती आहे. दर्ग्याकडे जाणाऱ्या भाविकांची आणि बसथांब्यावरील प्रवाशांची या नाक्यावर सतत वर्दळ असते. तळमजल्यावरील दुकानांची तोंडे थेट पदपथाकडे असावीत आणि पदपथाची रुंदी वाहनतळाच्या प्रवेशद्वारासाठी खाल्ली जाऊ नये, या दोन अटी महापालिकेने बांधकामाची परवानगी देतानाच घालाव्यात. इमारत उभी राहिल्यावर त्या घालता येत नाहीत.

– एक वाचक, ग्रँट रोड, मुंबई