दुकानाचा विमा कर्जाएवढा नको, मालाएवढा हवा

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सविनय नमस्कार.

मी वडोदऱ्यात रावपुरा, दांडिया बाजार, सयाजीगंज भागातल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली आणि तळघरांतला माल बुडाला. माझ्याकडच्या बहुतेक दुकानदारांचा विमा होता, पण तो कर्ज देणाऱ्या बँकेने उतरवलेला. पॉलिसी बँकेच्या फायलीत. दुकानदाराला ठाऊक इतकेच, की दरवर्षी खात्यातून हप्ता कापला जातो.

बँकेला काळजी आपल्या कर्जाची, म्हणून विमाही बहुधा सी.सी. लिमिटएवढाच, म्हणजे बँकेने धंद्यासाठी मंजूर केलेल्या कर्जाच्या मर्यादेएवढाच. समजा, दुकानात माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा, नुकसान १० लाखांचे. दुकानदाराला वाटते, १० लाख तर २०च्या आत आहेत, सगळे मिळतील. मिळतात ५ लाख, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली कपात होते. विमा निम्म्या मालाचा, म्हणून भरपाईही निम्मी! ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही विमा पॉलिसी आली. तिच्यात विमा मालाच्या किमतीपेक्षा कमी असला, तर १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते. सोय चांगली आहे, पण इथे तूट ५० टक्क्यांची आहे. मार्चच्या स्टॉकवर काढलेल्या विम्यात दिवाळीसाठी भरलेला माल कसा बसणार?

विमा पत्त्याशीही बांधलेला असतो. मागच्या गल्लीतले भाड्याचे गोदाम पॉलिसीत लिहिलेले नसेल, तर तिथे भिजलेल्या मालाचे काही मिळत नाही. दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या वस्तू वेगळ्या नमूद कराव्या लागतात. घरफोडीचा विमा निराळा. दुकान बंद राहिल्याने बुडालेली कमाईसुद्धा आगीच्या साध्या पॉलिसीत (पुराचे नुकसान तिच्यातच येते) धरलेली नसते. पुरानंतर भाडे आणि नोकरांचे पगार चालूच राहतात, तेव्हा हेच सर्वांत जास्त जाचते.

बँका आणि विमा ही दोन्ही क्षेत्रे आपल्या खात्याखाली येतात, म्हणून आपल्याला लिहीत आहे. बँकेने विमा उतरवला की आठ दिवसांत पॉलिसीची प्रत दुकानदाराच्या हाती पडावी. सोबत त्याला वाचता येईल अशा भाषेत, आमच्याकडे गुजरातीत किंवा मराठीत, एक पान असावे: रक्कम किती, पत्ते कोणते, काय धरलेले नाही. नूतनीकरणाआधी मालाची खरी किंमत त्याला विचारावी आणि त्या आकड्याखाली त्याची सही घ्यावी. हप्ता वाढेल, पण अर्ध्या भरपाईपेक्षा तो कितीतरी परवडतो.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी उठला, याचे मनापासून स्वागत. दुकानाच्या विम्यावर मात्र १८ टक्के कायम आहे, आणि कंपोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिटही (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. निदान त्याचा तरी भार हलका करावा.

बँकांना हा आदेश येत्या पावसाळ्याआधी मिळावा, ही विनंती.

आपला,
वडोदऱ्यातील एक हिशेबनीस