जाळं भरलं म्हणजे समुद्र भरलेला असतो असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मासेमारीवर बंधनं घालायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, 'अहो जाळी भरून येतायत की, मग मासा संपतोय कुठे?' त्यावरच लिहायचंय, कारण याच समजुतीत माशांचा एक फार मोठा साठा जवळपास संपला.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा. शेकडो वर्षं लोक तो पकडत होते, काही बिघडलं नाही. मग १९५० नंतर मासा बोटीवरच साफ करून गोठवणारे फॅक्टरी ट्रॉलर आले आणि १९६८ या एका वर्षात ८ लाख टन कॉड काढला गेला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द लावली, परदेशी बोटी हटल्या, पण मग स्वतःच्याच बोटी वाढवल्या. साठा घटत होता तरी मोठ्या ट्रॉलरना मासा मिळतच राहिला, कारण उरलेला कॉड एका जागी गोळा व्हायचा आणि सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासा शोधणाऱ्या यंत्रावर, नेमका सापडायचा, त्यामुळे साठ्याचे अंदाज चुकत गेले. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मात्र सांगत होते की मासा कमी झालाय, बारीक येतोय. त्यांचं कोणी मनावरच घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २ जुलै १९९२ ला बंदी आली, जवळपास ३० हजार लोकांचं काम गेलं, आणि ती बंदी उठायला २०२४ उजाडलं!

मासा बारीक येऊ लागला की तिथेच सावध व्हायला हवं. एकदाही अंडी न घातलेली पिल्लं बारीक आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या जाळ्यात गेली तर पुढचा मासा येणार कुठून, आणि मोठी जुनी मादी छोट्या मादीपेक्षा कितीतरी पट जास्त अंडी घालते, आपण तीही काढतो. १९७४ मध्ये जगातले माशांचे साधारण १० टक्के साठे अति मासेमारीच्या तडाख्यात होते, आता एक तृतीयांशाच्या वर आहेत.

सावरता येत नाही असं नाही हं. अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूना माशाचा कोटा कडक केला, चोरटी मासेमारी रोखली, आणि २०२१ मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. पण बंदीच्या काळात छोट्या मच्छीमाराच्या घरात चूल कशी पेटणार हे आधी ठरवा, मगच त्याला जाळं गुंडाळायला सांगा. डिझेलच्या सबसिडीवर लांबवर जाणाऱ्या मोठ्या बोटींना आणि त्याला एकाच मापाने मोजू नये.

तुम्हाला एक विनंती. मासेमारीच्या बातमीत किती टन मासा मिळाला ते छापता, त्यासोबत तो केवढा होता आणि त्यात पिल्लं किती होती तेही मच्छीमारांना विचारून छापा ना.

आपला,
एक नियमित वाचक