फाट्यावरचा रांजण

शारजा
चैत्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरं हाये, घे आईशी बोल" म्हणून मोकळे होतात आणि आईचं निम्मं बोलणं रेंज खाते. म्हणून लिहायला बसलो. कागदाचा फोटो काढून पाठवतो. लहान्याकडून वाचून घ्या, आणि त्याला म्हणावं, मधलं गाळू नकोस.

आई, तू मागे विचारलंस, "काय रे बाप्पा, तिकडं देवाधर्माचं काही करतं का नाही? का निस्ता पैसाच कमावतं?" आणि त्याच फोनवर बाबा म्हणाले की यंदा फाट्यावर रांजण मांडणार नाही. "आता रांजनातलं पानी कोन पेते? जो तो बाटली घेऊन फिरते." दोघांची बोलणी वेगळी होती, पण मला उत्तर एकच सुचतंय.

देवाचं म्हणशील तर गजानन महाराजांचा फोटो लॉकरच्या दाराला आतून लावलेला आहे. उदबत्ती लावत नाही, कारण खोलीत धुराचा अलार्म आहे आणि तो वाजला की सगळी इमारत खाली उतरते. एकादशी कधी येते ते कळत नाही. एवढाच माझा देवधर्म, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

आता माझं काम ऐका. एसीचं काम तुम्हाला माहीत आहे, पण त्याच्याबरोबर पाण्याचे कूलरही माझ्याकडे येतात. इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये बऱ्याच घरांच्या कंपाउंडच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूनं स्टीलचा कूलर बसवलेला असतो. दोन-तीन तोट्या, साखळीला बांधलेला ग्लास, वर उन्हापासून आडोसा. वीज घरमालकाची, पाणी घरमालकाचं. प्यायचं कुणीही. झाडूवाला, डिलिव्हरीचा पोरगा, सायकलवरून जाणारा माळी. कुणी विचारत नाही की तू कोण. बाबा, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला फाटाच आठवला. आपण पडलो खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या काठच्या आपल्या गावात विहीर कितीही खोल नेली तरी पाणी खारं, डाळ शिजत नाही. गोड पाणी दुरून आणायचं आणि त्यातलं फाट्यावर वाटायचं, हा आपल्या घरचा वेडेपणा. इथं तर सगळंच वाळवंट. पिण्याचं पाणी बहुतेक समुद्राचं, यंत्रानं गोडं करून नळाला आलेलं. म्हणजे इथंही ते फुकट पडलेलं नाही.

एका घरी एक म्हातारी आहे, तुझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल आई. हिंदी चांगली बोलते. तिच्या कूलरचा कंप्रेसर मी बदलला आणि निघालो, तर म्हणाली, फिल्टरही बदल. मी म्हटलं, अजून महिनाभर चालेल. तर ती म्हणाली, "पहले तुम पियो, फिर बोलो." प्यायलो. पाण्याला प्लास्टिकचा किंचित वास होता. फिल्टर बदलला. मग तिनं गळतीच्या पाण्याची नळी दाखवली. ती गटारात सोडलेली होती. तिला ती कडूलिंबाच्या बुंध्याशी न्यायची होती, म्हणून मी अजून अडीच मीटर नळी जोडली. तोट्यांखाली थेंब पडतात तिथं तिनं एक परात ठेवली आहे, कबुतरांसाठी. कडूलिंब इथंही रस्तोरस्ती आहे, आणि सावली अगदी आपल्याकडच्यासारखीच, विरळ.

कूलरवर अरबीत एक पट्टी होती. आमच्या फोरमननं वाचून सांगितलं, तिच्या आईचं नाव आहे, आणि पिणाऱ्यानं तिच्यासाठी दुवा करावी असं लिहिलंय. फोरमन इजिप्तचा. त्यानं सांगितलं की साद नावाच्या एकानं पैगंबरांना विचारलं होतं, माझी आई गेली, तिच्या नावानं कोणतं दान सगळ्यात चांगलं? उत्तर मिळालं, पाणी. मग त्यानं आईच्या नावानं विहीर खणली. फोरमनच्या कैरोमध्ये तर पाणपोईच्या इमारतीच आहेत. अब्दुल रहमान कतखुदाची १७४४ सालची इमारत अजून उभी आहे, खाली वाटसरूंना पाणी आणि वर पोरांची शाळा. हे सांगताना त्याची छाती अशी फुगली की जणू त्यानंच बांधली.

आपण अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतो, चिंचवणी करतो, ते मी त्याला सांगितलं. शेजारी नेपाळचा पोरगा होता, तो म्हणाला, आमच्याकडेही मेलेल्याच्या नावानं दगडाची टाकी बसवतात, तिला तोटी असते, वाटसरू पितो. बाबा, तुम्ही अशा वेळी काय म्हणाल ते मला माहीत आहे: मेलेल्याले पानी पाजून काय फायदा, जित्याले पाज. पण घागरीत आणि या टाक्यांत मला आता फरक दिसतो. टाकीतलं पाणी मेलेल्याच्या नावावर आणि जिवंताच्या घशात. म्हणजे तुमचंच म्हणणं, फक्त भांडण न करता.

दुसऱ्या दिवशी फोरमननं आणखी एक गोष्ट सांगितली. कुणी पापी बाई होती. विहिरीपाशी तहानेनं जीभ काढलेलं कुत्रं दिसलं. तिनं पायातला जोडा काढला, ओढणीला बांधला, विहिरीत सोडून पाणी काढलं, कुत्र्याला पाजलं. तेवढ्यावर तिला माफी मिळाली. मी म्हटलं, हे तर आमचं नाथांचं गाढव. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची, वाटेत वाळूत तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ती सगळी गंगा त्याच्या तोंडात ओतली. फोरमन हसला आणि म्हणाला, "मग तुमचा नाथ आमच्या गल्लीतला."

आई, तू गजानन महाराजांची पोथी वाचतेस त्यात अकोलीचा भास्कर पाटील आहे. लहानपणी मला वाटायचं, तो वाईट माणूस. आता वाटतं, तो आपल्यासारखाच होता. दुरून घागर भरून आणलेली, ऊन माथ्यावर, आणि समोर धडधाकट माणूस पाणी मागतोय. तो म्हणतो, लुळ्यापांगळ्याला, अनाथाला दिलं तर पुण्य, तुझ्यासारख्या धष्टपुष्टाला कशाला? त्याचा हिशेब चुकीचा वाटत नाही, म्हणूनच तो पोथीत आला असावा. महाराज वाद घालत बसले नाहीत. कोरड्या विहिरीपाशी गेले, आणि तिला पाणी आलं. पुढचं तुला पाठ आहे.

पण सगळ्यात जास्त मनात राहिलं ते खोलीतल्या केरळच्या माणसानं सांगितलेलं. तो सुट्टीच्या दिवशी बायबल मोठ्यानं वाचतो, मोडक्या हिंदीत मला अर्थ सांगतो. येशू भर दुपारी दमून विहिरीवर बसलेला. शोमरोनी बाई पाण्याला आली. त्यानं तिच्याकडे पाणी मागितलं. ती चकित झाली, तू यहुदी, माझ्या हातचं कसं पिणार? त्यांच्यात व्यवहारच नव्हता. मला वाटलं होतं, देणारा मोठा असतो. इथं मागणारा मोठा ठरला, कारण त्यानं तिच्या भांड्याला नाही म्हटलं नाही.

मग मी त्याला महाडचं सांगितलं. २० मार्च १९२७, चवदार तळं, बाबासाहेबांनी ओंजळीनं प्यायलेलं पाणी. त्याला ते माहीत नव्हतं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, "तुझ्या गावात?"

बाबा, मी त्याला तुमच्या तोटीचं सांगितलं.

आजोबांचा रांजण मला अंधुक आठवतो. त्यावर एक गडवा झाकणावर आणि एक खुंटीला, दूर. खुंटीचा कुणासाठी ते कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक. त्या वस्तीतला माणूस आला की वरून ओंजळीत ओतायचं, रांजणाला त्याचा हात लागू द्यायचा नाही. आजोबा गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही दर्यापूरहून तोटीचा रांजण आणलात. मोठ्या काकूनं घरात किती गोंधळ घातला! तुम्ही एवढंच म्हणालात की वाटसरूले मी ओतत बसू काय दिवसभर, वावरात कोन जाईल? कारण तुम्ही कामाचं दिलंत. खरं काय होतं ते तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण तोटी बसली की ओतणारा उरत नाही. ज्याला तहान लागली तो येतो, कळ फिरवतो, पितो. खुंटीवरचा गडवा कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. (आईला माहीत असावं. तुझ्या तुळशीला पाणी कशानं घालतेस गं?)

गाडगेबाबांच्या दशसूत्रीची पाटी आपल्या शाळेच्या भिंतीवर होती. भुकेल्याला अन्न पहिलं, तहानेल्याला पाणी दुसरं. त्यांचं शेंडगाव आपल्यापासून किती दूर? पोरपणी पाठ केलं, मार्क मिळवले, विसरलो. मला वाटतं तुम्ही विसरला नाहीत.

आमचा ड्रायव्हर पंजाबी आहे. जेठात त्यांच्याकडे रस्त्यावर थांबवून गाड्यांना थंड गोड दूध-पाणी पाजतात. गुरू अर्जनदेवांना १६०६ मध्ये लाहोरला त्या उन्हात तापवून मारलं, त्याची आठवण. मोहरमचं सरबतही असंच ना? करबलाला हुसेनांच्या लेकरांना पाणी मिळालं नाही, म्हणून आपल्या गावात सवारीपुढे हिंदूंची पोरंसुद्धा सरबताची बादली घेऊन फिरतात. ज्याच्या त्रासाची आठवण, त्याचाच उतारा दुसऱ्याला द्यायचा, ही रीत कुणी कुणाला शिकवली कोण जाणे. मला ती भारी वाटते.

इथलं सगळंच गोड आहे असं समजू नका. त्या म्हातारीच्या भिंतीवर थंडगार पाणी, आणि आमच्या कॅम्पातला कूलर बंद पडला तर पंधरा-पंधरा दिवस कुणी बघत नाही. मी स्वतः मेकॅनिक, पण पार्ट मंजूर होत नाही. सरकारनं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम केलाय आणि आम्हाला तो मिळतो, म्हणून बरं. पुण्य भिंतीच्या बाहेर आणि हिशेब भिंतीच्या आत, हे इथंही चालतं.

आता बाटलीचं. बाबा, बाटली विकतची. फाट्यावर एसटीची वाट पाहणारा घेईल, पण मेळघाटातून वीटभट्टीवर येणारी कोरकू माणसं घेतील का? रोजानं जाणारी बाई, शेरडं चारणारा पोरगा? तुम्ही मोटारसायकलवाले पाहता, ते थांबत नाहीत हे खरं. मेअखेरच्या नवतप्यात पारा सेहेचाळीसच्या वर जातो तेव्हा पायी चालणारे कोण, ते बघा आणि मग ठरवा.

तुमचे गुडघे मला माहीत आहेत, तेव्हा पाणी तुम्ही वाहायचं नाही. पैसे पाठवले आहेत. ट्रॅक्टरवाल्याशी बोला, एक दिवसाआड टाकी ओतेल. जुना रांजण काढा. गेल्या साली कुणीतरी त्याच्यावर सौजन्य म्हणून नाव रंगवायला ऑइलपेंट फासला, त्यानं मातीची भोकं बुजली. रांजण पाझरला तर थंड होतो, माझ्या कूलरला जे काम कंप्रेसर करतो ते त्याला वारा करतो. कुंभाराकडून बिनरंगाचा घ्या, गोणपाट ओलं करून गुंडाळा. टिनाच्या शेडखाली ठेवू नका, तुराट्यांचा मांडव घालून वर पळसाच्या डहाळ्या टाका, आणि वारा लागेल अशा अंगाला. आतून दर तिसऱ्या दिवशी घासायचा. ते लहान्याचं खातं, त्यात चर्चा नाही.

आई, आता तुझं. रमजान नुकताच झाला. फोरमन दिवसभर पाण्याचा थेंब न घेता गच्चीवर माझ्याबरोबर काम करायचा, मी पाठ फिरवून पाणी प्यायचो. संध्याकाळी खजूर आणि पाणी. पहिला घोट घेताना तो डोळे मिटायचा, आणि मला तुझी निर्जळी एकादशी दिसायची. पण त्यानंच सांगितलं की त्यांच्यात आजारी माणसाला रोजा माफ आहे. तुझं बीपी आणि ज्येष्ठातलं ऊन, दोन्ही मला माहीत आहे. यंदा ती निर्जळी करू नकोस. फराळ कर, पाणी पी, आणि महाराजांना माझं नाव सांग की यानं अडवलं. काय बोलायचं ते मला बोलतील.

गोळ्या संपायच्या आत लहान्याला दर्यापूरला पाठवा. तुरीला काय भाव मिळाला ते बाबांनी सांगितलंच नाही, म्हणजे कमीच मिळाला असणार. खरं ते कळवा, म्हणजे पुढच्या महिन्याचा अंदाज येईल.

तुमचा,
मोठा