गाडी आडवी झाली तर

नाशिक, रविवार
रात्रीचे साडेबारा

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझा आमरस तसाच राहिला. आईने वाटीवर ताटली झाकून फ्रिजमध्ये ठेवलाय आणि कोणी हात लावायचा नाही असं मला बजावलंय. पुण्याला पोचल्याचा मेसेज तू तिला केलास, मला केला नाहीस. मला राग नाही. मी तसं बोललोच होतो.

"तू गाडी चालवत नाहीस, गाडी तुला चालवते." तात्यांसमोर, वहिनींसमोर, पंगतीत बसून हे बोलायला नको होतं. तू अर्ध्या पुरीवरून उठलीस तेव्हाच मला कळलं, पण तोवर तू जिना उतरली होतीस. फोन करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुलाही माहीत आहे, म्हणून लिहितोय.

तू एकटी लेहला निघालीस, त्याबद्दल मला खरं तर एकच गोष्ट विचारायची होती. तुझी मोटरसायकल पेट्रोलसकट २५० किलोची. त्यावर दोन्ही बाजूंचे डबे, तंबू, कपडे. लेहच्या वाटेवर, सारचूच्या पुढे कुठेतरी खडीत ती आडवी झाली, तर तू ती उचलशील कशी? एकटीने? एवढंच विचारायचं होतं आणि त्याऐवजी ते वाक्य तोंडातून गेलं.

संगमनेरची गोष्ट तू हसत हसत सांगितलीस. चहाला थांबलीस, निघताना इंजिन सुरू होतंय, पहिला गिअर टाकला की बंद पडतंय. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. पाऊण तास उन्हात. कंपनीला फोन केलास तर गाडी उचलून न्यायला टेम्पो पाठवतो म्हणाले. शेवटी शेजारच्या ट्रकच्या क्लीनरने बाटलीतलं पाणी साइड स्टँडच्या बटणावर मारलं, स्टँड चार वेळा वरखाली केला आणि झालं. बटणात कचरा अडकला होता, गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे. सगळे हसले. मला नाही हसू आलं. माझ्या डोक्यात आलं, संगमनेरला क्लीनर होता. सारचूच्या पुढे पांगला कोण असेल?

मी जुनं ते सोनं म्हणणारा माणूस नाही, हे तरी मान्य कर. ओझरच्या विमान कारखान्यात ३४ वर्षं काढली. मिग-२१ च्या कंट्रोलच्या दांड्या या हातांनी जोडल्या. वैमानिकाने स्टिक हलवली की दांडी सरकायची, दांडीवरून हायड्रॉलिकला हुकूम जायचा, सगळं डोळ्यांना दिसायचं. मग सुखोई आलं आणि दांड्यांच्या जागी विजेच्या तारा आल्या. इथे जोडलेलं पहिलं सुखोई २००४ साली हवाई दलाकडे गेलं. आमच्यातले कितीतरी जुने लोक तारांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. मी ठेवला, कारण तिथे एकच हुकूम चार वेगवेगळ्या मार्गांनी जातो. एक मार्ग खोटं बोलायला लागला तर बाकीचे त्याला बाजूला काढतात. विमानात बसणाऱ्याला उतरून बघता येत नाही, म्हणून ही सोय.

तुझ्या अॅक्सिलरेटरलाही केबल नाही हे तू सांगितलंस तेव्हा मी लक्ष देऊन ऐकत होतो, तुला वाटलं तोंड वाकडं करतोय. मूठ किती पिळली ते सेन्सर सांगतो, कॉम्प्युटर ठरवतो, छोटी मोटर हवेची पाकळी उघडते. तिथे निदान दुसरा सेन्सर असतो. शंका आली तर कॉम्प्युटर ताकद कमी करतो, पण रांगत का होईना गाडी जाते. त्या स्टँडच्या बटणाला मात्र दुसरा साक्षीदार नव्हता. एवढंसं बटण आणि २५० किलो जागेवर उभे.

म्हणून गाडीवरच्या प्रत्येक सोयीला मी एकच प्रश्न विचारतो, ही बंद पडली तर गाडी चालते की थांबते? मुठी गरम करणारं यंत्र बंद पडलं तर बोटं गारठतील, गाडी चालेल. स्क्रीन काळी झाली तरी बहुधा चालेल. बटणावर मऊ-कडक होणारं सस्पेन्शन आहे तिथेच अडकलं तर पाठ दुखेल, बाकी काही नाही. चाकाचा वेग मोजणाऱ्या जाळीदार चकतीत चिखल भरला तर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस, चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन, वेग धरून ठेवणारं क्रूझ तिन्ही एकदम जातात, पण सांभाळून चालवलंस तर पोचशील. पण खिशातल्या किल्लीचा सेल संपला तर? पेट्रोलचा पंप गेला तर? थंडीत बॅटरी बसली तर? किक नाही. ढकलून सुरू करायची म्हटलं तर एवढं वजन ढकलणार कोण, आणि ढकललं तरी पंपाला आणि कॉम्प्युटरला पुरेसा करंट मिळाला पाहिजे. या तीन-चार वस्तूंची यादी तू स्वतः कर, मॅन्युअल उघडून. किल्लीचा सेल मेला तर किल्ली गाडीच्या नेमक्या कुठल्या जागेला टेकवायची हे त्यात दिलेलं असतं. ते तुला आज माहीत आहे का?

बघ, उलटतपासणी सुरू झाली. माफ कर. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलीस, आणि ही गाडी तुझ्या पैशाची आहे. पाडव्याला तू तिचा फोटो पाठवलास तो मी अजून फोनवर ठेवलाय. सातपूरच्या गोखल्यांना दाखवला, बँकेत दाखवला, दूधवाल्यालाही. आईला विचार.

खाली जाऊन आपल्या जुन्या गाडीजवळ, काळीजवळ, बसलो होतो मघाशी. कापड काढून किक मारली नाही, शेजारी झोपले असतील. तुला आठवतं, तू सतरा वर्षांची होतीस, मखमलाबादला तात्यांच्या मळ्याच्या रस्त्यावर? उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, त्यामुळे पुढे दुसऱ्या गाड्यांवर तू महिनाभर ब्रेकऐवजी गिअर दाबत होतीस. मी सांगितलं होतं, किक आधी हळू दाबायची, अडली की थांबायचं, अँमीटरचा काटा मध्यावर आला का बघायचं. मग डीकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी खिट्टी, ओढून किक जरा पुढे सरकवायची, डीकॉम्प सोडायचा, पाय वर आणायचा आणि मग एकच लाथ, पूर्ण खालपर्यंत. तू डीकॉम्प सोडायच्या आधीच घाई केलीस, मग चिडून अर्धीच मारलीस. बॅक किक आली. नडगीवर लिंबाएवढं टेंगूळ. तू रडली नाहीस. लंगडत परत उभी राहिलीस आणि तिसऱ्या लाथेला ती बोलली. त्या दिवशी मी तुझ्या आईला घरी येऊन सांगितलं होतं, ही पोरगी कुठेही जाईल.

आता ती खरंच निघाली आहे तर मला झोप येत नाही.

१९९२ च्या उज्जैनच्या सिंहस्थाला मी आणि अण्णा काळीवरून गेलो, ती गोष्ट तू पन्नास वेळा ऐकलीस, तरी एक भाग तुला नीट सांगितला नाही. सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात, रात्री, गाडी दोन-तीन वेळा फटफटली आणि गप्प झाली. मी घाबरलो होतो. ट्रक अंगावर दिवे टाकून जात होते. अण्णांनी गाडी दगडाला लावली, बॅटरी माझ्या तोंडात दिली, दोन स्क्रू काढले, झाकण उघडलं. आत ठिणगीसाठीचे कॉन्टॅक्ट पॉइंट काळे पडले होते. खिशातून झिरो पेपरचा तुकडा काढला, नखाएवढा, तो दोन पॉइंटच्या मध्ये धरून चार-पाच वेळा ओढला. सदऱ्याच्या टोकाने पुसलं. फट मोजायचा फीलर गेज नव्हता, गॅप नजरेने लावला. वीस मिनिटं लागली असतील. किक मारली, निळी ठिणगी दिसली नाही पण ऐकू आली. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, फक्त हात मातीत घासून धुतल्यासारखे केले. मला तेव्हापासून वाटतं की गाडी माहीत असणं म्हणजे हे. काय बिघडलंय ते दिसलं पाहिजे, आणि हाताला काहीतरी करता आलं पाहिजे.

पण अण्णांचाच पाय.

तेही लिहितो, नाहीतर हे पत्र खोटं होईल. कसारा घाटात, मृगाच्या पहिल्या सरीत, पुढचा ट्रक थांबला आणि अण्णांनी ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी लॉक झालं आणि तेल-पाण्यावरून घसरत गेलं. मी मागे बसलो होतो, मला खरचटलं फक्त. त्यांच्या पायात दोन सळया पडल्या आणि मळ्यातलं काम सुटलं. तुझ्या गाडीचं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, वळणावर गाडी किती कललीय तेही मोजून ब्रेक हलका-जड करतं. मोटरसायकलला एबीएस पहिल्यांदा १९८८ मध्ये आलं, जर्मनीत. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं व्हायला २०१९ उजाडलं. मधली ती सगळी वर्षं मी मोजतो कधी कधी. तेव्हा तू ज्याला सुरक्षा म्हणतेस त्याला मी खेळणं म्हणालो, तेही परत घेतो. डांबरी रस्त्यावर एबीएस कधीही बंद करू नकोस. खडीत मागच्या चाकापुरतं बंद करतात म्हणे, तू ते आधी रिकाम्या मैदानात शिकून घे.

आणि काळी लेहच्या वाटेवरच्या तांगलांग ला खिंडीत पोचली असती का, असं तू विचारलंस. धापा टाकत, काळा धूर सोडत कदाचित. पाच हजार मीटरवर हवेचा दाब खालच्याच्या जवळजवळ निम्म्यावर येतो, काळीच्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. तुझ्या गाडीचं इंजेक्शन हवा मोजून पेट्रोल देतं. त्या वादात तू बरोबर होतीस. मी जेवताना मान्य केलं नाही.

पण काळी आडवी झाली तर मी उचलायचो. १६५ किलो असेल ती. तुझी तुझ्याने उठेल का?

परत तेच. तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा ठेवतो.

अटल बोगद्यातून पलीकडे उतरलीस की टांडीला टाकी काठोकाठ भर. पूर्वी तिथे पाटी असायची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आता मध्ये काही असलं तरी त्या भरवशावर राहू नकोस. फोनचं सिम पोस्टपेड करून घे, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. रोज संध्याकाळी एक फोन, आईला केलास तरी चालेल, मी शेजारीच असेन. नाही लागला तर आम्ही समजून घेऊ. मी घेईन. प्रयत्न करीन.

एक मागतो. १२ जूनला निघणार आहेस ना, त्याआधीच्या एखाद्या शनिवारी नाशिकला ये. तात्यांशी बोललोय. खरड छाटणी होऊन गेलीय, द्राक्षांच्या दोन ओळींमधली माती नांगरून भुसभुशीत आहे. डबे भरून आण, लेहला नेणार तेवढंच सामान. आपण गाडी मुद्दाम त्या मातीत आडवी करू, ओरखडा येणार नाही, खाली पोती टाकू. आधी इंजिन बंद. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचा, गिअरमध्ये ठेवायची म्हणजे सरकणार नाही. हँडल पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला कंबर टेकवायची, एक हात हँडलच्या खालच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला. पाठ सरळ. ताकद पायांची लावायची, आणि लहान लहान पावलं मागे टाकत जायचं. हातांनी उचलायला गेलीस तर कंबर जाईल. व्हिडिओत तुझ्याहून बारीक मुली उचलतात, मी गेले दोन तास तेच बघतोय. डबे आधी काढायचे की ठेवायचे ते तिथे करून बघू.

मी हात लावणार नाही. बांधावर बसेन. पाच वेळा उचल. पाचव्यांदा दमलेली असताना उचललीस की मी लेहबद्दल एक अक्षर बोलणार नाही. आणि नाही उठली तर सामान कमी करू, जाणं नाही. जाणं तुझं ठरलेलं आहे.

आई म्हणते आमरस तोवर टिकणार नाही, नवीन करीन. हापूस संपत आलाय, केसर मिळेल.

तुझा
बाबा

ता. क. तुझ्या गाडीला आपले पाने चालत नाहीत हे ती जिन्याखाली उभी होती तेव्हाच मी बघून ठेवलं, बहुतेक बोल्ट ताऱ्याच्या तोंडाचे आहेत. उद्या बाजारात, रविवार कारंज्यावर, जाऊन टॉर्क्सचा सेट आणतो. किल्लीत कुठल्या नंबरचा सेल बसतो ते कळव, दोन जास्तीचे घेऊन ठेवीन.